विश्लेषण : वीटभट्टीवरचा साचा पाच मिलिमीटरने वाढला, तर मजुरीचे काय होते?

दिवाळी उरकली की ठाणे, पालघर, रायगडच्या पाड्यांवरची घरे कुलूपबंद होऊ लागतात. कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कृष्णाकाठच्या आणि विदर्भातल्या भट्ट्यांवरही हंगाम याच सुमारास सुरू होतो. एकीकडे शहरांत टॉवर उभे करायला क्रेन आणि काँक्रीट पंप आले, पण हातविटेची अवजारे आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत : कुदळ, फावडे, घमेले, साचा, पट्टी आणि फळी. यातला साचा दिसायला सर्वात साधा. मात्र विटेचे माप आणि मजुराची कमाई या दोन्ही गोष्टी त्याच चौकटीत ठरतात. ही अवजारे नेमकी कशी चालतात, ती बदलत का नाहीत आणि साच्याच्या मापाचा मजुरीशी काय संबंध, याचा हा आढावा.

हातवीट कशी तयार होते? कोणती अवजारे लागतात?

पहिले काम मातीचे. कुदळीने किंवा टिकावाने माती खणायची, ढेकळे फोडायची, खडे आणि मुळ्या वेचून काढायच्या. भट्टीसाठी सगळीच माती चालत नाही. चिकणमाती जास्त असेल तर वीट वाळताना तडकते, वाळू जास्त असेल तर वीट ठिसूळ होते. त्यामुळे गरजेप्रमाणे मातीत वाळू, राख किंवा भाताचे तूस मिसळतात. सायंकाळी मातीत पाणी सोडून ती रात्रभर भिजत ठेवली जाते. मग फावड्याने उलथापालथ करत आणि पायाने तुडवत तिचा एकजीव चिखल केला जातो. काही भट्ट्यांवर हे काम इंजिनावर चालणारे मळणीयंत्र करते. ते नसेल तिथे मजुरांचे पायच यंत्राचे काम करतात.

दुसरा टप्पा विटा पाडण्याचा. हे काम बहुधा पहाटे अंधारातच सुरू होते, कारण उन्हात चिखल लवकर घट्ट होतो आणि माणूसही लवकर थकतो. एकजण घमेल्याने चिखल आणून देतो. दुसरा उकिडवा बसून चिखलाचा गोळा वाळूत घोळवतो, तो साच्यात जोराने आपटतो, अंगठ्याने कोपरे दाबतो, वरचा जादा चिखल लोखंडी पट्टीने किंवा ताणलेल्या तारेने कापून काढतो आणि साचा जमिनीवर पालथा करतो. साचा उचलला की ओली वीट जागेवर राहते. चिखल साच्याला चिकटू नये म्हणून दर वेळी आत वाळू किंवा राख भुरभुरतात, नाही तर साचा पाण्यात बुडवून घेतात. वाळू लावलेल्या साच्यातील विटेच्या कडा नीट येतात. पाण्यात बुडवलेल्या साच्यातील वीट जास्त ओली असते आणि तिचा आकार बिघडण्याची शक्यता अधिक असते.

तिसरा टप्पा वाळवणीचा. ओली वीट आधी आडवी पडून राहते. हाताला थोडी घट्ट लागली की ती कडेवर उभी केली जाते आणि नंतर मध्ये फटी ठेवून थर रचले जातात. या टप्प्यावर अवजार असे नाहीच. प्रत्येक वीट हातानेच उचलायची आणि वळवायची. शेवटी डोक्यावर चुंबळ, तिच्यावर फळी आणि फळीवर विटांची चळत घेऊन सुकलेली वीट भट्टीपर्यंत नेली जाते. हे वाहण्याचे काम बव्हंशी स्त्रियांकडे असते.

भट्टी रचण्यालाही वेगळे कौशल्य लागते. महाराष्ट्रात धुराड्याऐवजी विटांचाच ढीग रचून, थरांमध्ये कोळशाची भुकटी, तूस किंवा लाकूड घालून आणि बाहेरून मातीचा लेप देऊन पेटवलेल्या भट्ट्या सर्रास दिसतात. आग कुठे जोरात चढेल आणि कुठे कमी पडेल, हे रचणाऱ्याला आधीच ओळखावे लागते. त्याचा अंदाज चुकला तर बाहेरच्या विटा अर्धकच्च्या राहतात आणि आतल्या वितळून वाकड्या होतात.

साच्याचे माप विटेपेक्षा मोठे का असते?

भारतीय मानक आयएस १०७७ नुसार विटेची दोन प्रकारची मापे प्रचलित आहेत. मॉड्युलर वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची, तर जुन्या पठडीतली वीट २३० बाय ११० बाय ७० मिलिमीटरची. पण या मापाचा साचा बनवला, तर भट्टीतून निघणारी वीट याहून लहान असेल. चिखलातले पाणी उडाले की मातीचे कण जवळ येतात आणि वीट आक्रसते. भाजताना ती आणखी थोडी आक्रसते. म्हणून साचा प्रत्येक बाजूने साधारण ८ ते १२ टक्के मोठा ठेवतात. नेमका किती मोठा, हे त्या मातीवर अवलंबून असते. एका नदीकाठचा साचा दुसऱ्या नदीकाठी नेला, तर विटेचे माप बदलू शकते.

साचा लाकडाचा किंवा लोखंडाचा असतो. एका वेळी एक वीट पाडणारा किंवा दोन विटा पाडणारा, तसेच तळ असलेला किंवा नुसती चौकट, असे त्याचे प्रकार. तळ असलेल्या साच्यात मध्यभागी उंचवटा असतो. त्यामुळे विटेच्या एका अंगावर खाच पडते. तिला बांधकामाच्या भाषेत फ्रॉग म्हणतात. मानकानुसार ही खाच १० ते २० मिलिमीटर खोल असावी. भट्टीमालकाच्या नावाची अक्षरे याच खाचेत उमटतात. सिमेंटचा माल खाचेत भरला गेल्याने वरची वीट चांगली धरून राहते, विटेचे वजनही थोडे कमी होते.

लाकडी साच्याची एक अडचण आहे. वाळू सतत घासून त्याच्या आतल्या भिंती झिजतात, म्हणजे वीट लांबी-रुंदीला हळूहळू वाढते. वरची कडा झिजली तर वीट उंचीला कमी होते. यासाठी लाकडाच्या कडांना धातूची पट्टी मारतात. ती नसेल तर साच्याचे माप अधूनमधून तपासणे हाच उपाय उरतो.

मापाचा आग्रह आजचा नाही. सिंधू संस्कृतीच्या बहराच्या काळात, म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, विटांची लांबी, रुंदी आणि जाडी यांचे प्रमाण ४ : २ : १ असे पाळलेले आढळते. लांबी रुंदीच्या दुप्पट असली, की आडव्या-उभ्या विटांची सांधेमोड बरोबर जमते. हाताने पाडलेल्या विटेत असा सारखेपणा साच्याशिवाय शक्य नव्हता.

पाच मिलिमीटरचा हिशेब काय?

विटा पाडणाऱ्याला रोजाने नव्हे, तर हजारी दराने पैसे मिळतात. म्हणजे मोजले जातात ते विटांचे नग. चिखल किती उपसला, याची नोंद कुठेच होत नाही. इथेच साच्याचे माप महत्त्वाचे ठरते.

उदाहरणासाठी, साच्याची आतली मापे २५० बाय १२० बाय ७६ मिलिमीटर धरू. माती आठ टक्के आक्रसली तर यातून मानकाजवळची, २३० बाय ११० बाय ७० मिलिमीटरची वीट निघते. अशा साच्यात २.२८ लिटर चिखल बसतो. ओला चिखल पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असतो, त्यामुळे एका ओल्या विटेचे वजन सुमारे ४.३ किलो होते. हजार विटांसाठी सुमारे ४.३ टन. घमेल्यात २० किलो चिखल मावतो असे धरले, तर २१५ घमेली.

आता हाच साचा तिन्ही बाजूंनी फक्त पाच मिलिमीटरने वाढवून पाहू : २५५ बाय १२५ बाय ८१. पाच मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी. पण तिन्ही बाजूंचा गुणाकार होत असल्याने साच्यात आता २.५८ लिटर चिखल मावतो, म्हणजे १३ टक्के जास्त. हजार विटांमागे हा फरक सुमारे ५७५ किलोचा, म्हणजे जवळपास २९ जादा घमेल्यांचा होतो. हंगामात शंभर दिवस रोज हजार विटा पाडल्या, तर एका जोडप्याने ५७ टन चिखल जास्त खणलेला, तुडवलेला, वाहिलेला आणि थापलेला असतो. त्याचा मोबदला मात्र शून्य.

हाच हिशेब पैशांत मांडता येतो. समजा, दर हजारी १,००० रुपये आहे. मोठ्या साच्याने काम करताना जुन्या हजार विटांइतका चिखल थापण्याचे प्रत्यक्षात ८८३ रुपयेच हाती पडतात. कागदावरचा दर तोच राहतो, मजुरी मात्र घटलेली असते.

हे उलट दिशेनेही घडू शकते. साचा लहान केला तर मजुराचे श्रम आणि मालकाची माती वाचते, पण नगावर वीट घेणाऱ्या ग्राहकाला त्याच भिंतीसाठी जास्त विटा आणि जास्त सिमेंट लागते. म्हणून साच्याच्या मापात मजूर, मालक आणि ग्राहक अशा तिघांचे हितसंबंध गुंतलेले असतात. तो बनवून घेण्याचा आणि बदलण्याचा अधिकार मात्र सहसा मालकाकडेच असतो.

शरीरावर किती भार पडतो?

सुकलेली वीट साधारण साडेतीन किलोची असते. दहा विटांची चळत म्हणजे डोक्यावर ३५ किलो. हजार विटा भट्टीपर्यंत न्यायला अशा शंभर फेऱ्या होतात. भट्टी पन्नास मीटरवर असली, तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर चालणे होते आणि त्यातले निम्मे ओझ्यासह. विटा पाडणाऱ्याला तासन्‌तास उकिडवे बसावे लागते. प्रत्येक विटेसाठी वाकणे, आपटणे आणि साचा पालथा करणे हजारदा होते. परिणामी कंबर, गुडघे आणि मनगटे यांची दुखणी जडतात. भट्टी भरताना आणि उपसताना राख व धुळीचा त्रास वेगळाच.

मग अवजारे बदलत का नाहीत?

उंच ओट्यावर किंवा टेबलावर साचा ठेवून उभ्याने विटा पाडण्याची पद्धत नवीन नाही. बांधकाम अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ती कित्येक वर्षांपासून आहे. तिच्यात कंबरेला आराम मिळतो आणि वीटही रेखीव होते. तरीही भट्ट्यांवर जमिनीवर पाडलेल्या विटाच जास्त दिसतात, त्याला कारण आहे. जमिनीवर पाडताना मजूर साचा घेऊन पुढे पुढे सरकतो आणि वीट जिथे पडते तिथेच वाळते. टेबलावर पाडलेली प्रत्येक ओली वीट फळीवर घेऊन वाळवणीच्या जागेपर्यंत न्यावी लागते. हजार विटांसाठी हे हजारदा करायचे तर त्यासाठी आणखी एक माणूस लागतो. हजारी दरात त्या माणसाचे पैसे धरलेले नसतात.

दुसरे कारण जागेचे. अनेक भट्ट्या भाड्याच्या किंवा हंगामी जागेवर चालतात. माती संपली की भट्टी हलते. अशा ठिकाणी वीजजोडणी, पक्का ओटा किंवा शेड उभारायला मालक तयार होत नाही. तिसरे कारण मजुरीच्या पद्धतीत आहे. रोजंदारी असती तर संथ अवजाराचा तोटा मालकाला झाला असता आणि त्याने चांगले अवजार आणले असते. हजारी दरात संथपणाची किंमत मजूर स्वतःच्या तासांनी चुकवतो. त्यामुळे अवजार सुधारण्याची निकड मालकाला जाणवत नाही.

अवकाळी पावसाचे नुकसान कोणाचे?

कच्ची वीट म्हणजे सुकलेला चिखलच. मार्च-एप्रिलमधल्या तासाभराच्या अवकाळी पावसानेही मैदानात मांडलेल्या विटांचा लगदा होऊ शकतो. त्यामुळे विटांची मोजणी केव्हा होते, हा प्रश्न कळीचा ठरतो. पाडल्याबरोबर मोजणी झाली तर नुकसान मालकाचे. विटा सुकून रचल्यानंतर मोजणी झाली तर भिजलेल्या विटांची मजुरी बुडते. शिवाय तूटफूट म्हणून हजारामागे काही विटा वजा धरण्याची प्रथाही आहे. ताडपत्री हे खरे तर वीटभट्टीचे आवश्यक अवजार मानायला हवे, पण ती कोणी आणायची याचा करार क्वचितच असतो. तोंडी व्यवहारात असे प्रश्न मजुराच्या विरोधातच सुटतात.

उचल आणि कायदा काय सांगतो?

भट्टीवर जाण्याआधी, पावसाळ्यातल्या बेकारीच्या दिवसांत, कुटुंबाला मालक किंवा मुकादमाकडून आगाऊ रक्कम मिळते. तिला उचल म्हणतात. हंगामात दर आठवड्याला पोटापुरती खर्ची दिली जाते आणि अखेरीस पाडलेल्या विटांच्या मजुरीतून उचल आणि खर्ची वळती होते. हिशेब उणे आला तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. साचा मोठा असणे, मोजणीत वजावट होणे आणि पावसाने विटा भिजणे या तिन्ही गोष्टी अशा रीतीने थेट कर्जाच्या आकड्यात जाऊन बसतात.

आगाऊ पैसे देणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण त्या पैशांपोटी मजुराचे दुसरीकडे काम करण्याचे किंवा ये-जा करण्याचे स्वातंत्र्य गेले, किंवा त्याला किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागले, तर ती वेठबिगारी ठरू शकते. वेठबिगारी पद्धत (निर्मूलन) कायदा, १९७६ नुसार असे कर्ज रद्दबातल होते. १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरी असल्याचे म्हटले होते.

नगावर काम करणाऱ्यांनाही संरक्षण आहे. एखाद्या कामासाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्याची कमाई त्या वेळेच्या दराहून कमी असता कामा नये, अशी तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. अडचण अंमलबजावणीची. वरचेच उदाहरण घेतले, तर जोडप्याने बारा तास राबून हजार विटा पाडल्या की माणशी ५०० रुपये होतात. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने ते ३३३ रुपये भरतात. पण तासांची नोंद कोणीच ठेवत नाही. हिशेबाच्या वहीत कुटुंबप्रमुखाचे एकच नाव असते. बायकोचे आणि विटा उलटणाऱ्या मुलांचे श्रम त्याच आकड्यात विरून जातात.

हातवीट टिकेल का?

स्पर्धा वाढली आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख वापरण्यासाठी केंद्राने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. केंद्रापासून ठरावीक अंतरातल्या मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळणे तिच्यात बंधनकारक करण्यात आले. त्यानंतर राखेच्या विटा आणि हलके एएसी ब्लॉक बाजारात स्थिरावले. महानगरांतल्या मोठ्या प्रकल्पांत भिंतींसाठी आता त्यांचाच वापर अधिक होतो. २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भट्ट्यांच्या प्रदूषणाचे निकष कडक केले आणि नव्या भट्ट्यांसाठी झिगझॅगसारख्या सुधारित तंत्राची अट घातली.

पण ग्रामीण भाग आणि निमशहरांतली घरे, संरक्षक भिंती, गोठे यांसाठी लाल विटेला मागणी आहे. शिवाय भट्टीचे तंत्र बदलले, तरी विटा पाडणे हाताचेच राहू शकते. उत्तर भारतात सुधारित भट्ट्यांमध्येही हाताने पाडलेल्या विटा भाजल्या जातात. धूर कमी झाला म्हणून घमेल्याचे ओझे कमी होत नाही.

कोणते बदल सहज शक्य आहेत?

मोठ्या गुंतवणुकीशिवाय होण्यासारख्या गोष्टीही आहेत. डोक्यावरच्या फळीऐवजी चाकाची हातगाडी आणि तिच्यासाठी सपाट केलेली वाट, पायाने तुडवण्याऐवजी मळणीयंत्र, प्रत्येक जोडप्यामागे ताडपत्री, धातूच्या पट्टीचा साचा आणि हंगामाच्या सुरुवातीला मजुरांसमोर त्याची मोजणी. उचलीच्या कागदावर दरासोबत साच्याची मापे आणि विटा केव्हा मोजायच्या हे लिहिले, तरी वादाचे एक मोठे कारण कमी होईल.

पडताळणीही अवघड नाही. आयएस १०७७ मध्ये एकेक वीट न मोजता २० विटा एका रांगेत लावून मोजण्याची पद्धत आहे. २३० मिलिमीटरच्या २० विटांची एकूण लांबी ४,५२० ते ४,६८० मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते. वरच्या उदाहरणातल्या वाढीव साच्याच्या विटा लावल्या, तर रांग ४,६९२ मिलिमीटर भरते, म्हणजे मर्यादेबाहेर जाते. घर बांधणारा ग्राहक, तपासणीला आलेला अधिकारी किंवा मजूर स्वतः, कोणालाही ही मोजणी करता येते. त्यासाठी लागते ती फक्त पाच मीटरची टेप. भट्टीवरच्या अवजारांत तेवढी एकच भर पडली, तरी वहीतला आकडा आणि प्रत्यक्ष श्रम यांतली तफावत मजुराला मालकासमोर दाखवता येईल.